चिंतामण द्वारकानाथ देशमुख

चिंतामण द्वारकानाथ देशमुख (जन्म : नाते, रायगड जिल्हा, १४ जानेवारी १८९६, मृत्यू : हैदराबाद, २ ऑक्टोबर १९८२) हे अर्थतज्ज्ञ, सनदी अधिकारी, भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० ते १९५६ या काळात भारताचे अर्थमंत्री होते. सी. डी. देशमुख या नावाने ते अधिक परिचित आहेत. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात या घटनेला महत्त्वाचे स्थान आहे.

जन्म आणि शिक्षण

देशमुखांचा जन्म रायगड किल्ल्याजवळील नाते या गावी झाला. तेव्हा हा भाग कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. त्यांचे घराणे रोह्याचे असून वडील वकिली करीत. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी नैसर्गिक विज्ञानांचा अभ्यास केला आणि वनस्पतिशास्त्रातील पारितोषिक मिळवले. १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आय.सी.एस. परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक पटकावला.

भारतात परतल्यावर त्यांची नेमणूक मध्य प्रांत व वऱ्हाडात झाली. तेथे त्यांनी महसूल व वित्त खात्यांचे सचिवपद सांभाळले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही त्यांनी काम केले.

रिझर्व्ह बँक

१९३९ मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेत दाखल झाले. १९४१ मध्ये ते डेप्युटी गव्हर्नर आणि गव्हर्नर जेम्स टेलर यांच्या निधनानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर झाले. हा काळ दुसऱ्या महायुद्धाचा होता. ब्रिटन भारतात युद्धसामग्री खरेदी करी; तिची किंमत मात्र लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होई. त्या ठेवींच्या आधारावर देशात नोटा काढल्या जात. परिणामी वस्तू कमी आणि चलन जास्त अशी अवस्था होऊन महागाई भडकली. या स्टर्लिंग शिलकीची परतफेड हा युद्धोत्तर काळातील मोठा प्रश्न ठरला.

जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वूड्स येथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांची योजना आखणारी परिषद भरली. तिच्यातील भारतीय शिष्टमंडळात देशमुख होते. स्टर्लिंग शिलकीचा प्रश्न नाणेनिधीच्या कक्षेत यावा, हा भारताचा आग्रह तेथे मान्य झाला नाही. मात्र भारत या दोन्ही संस्थांचा संस्थापक सदस्य झाला.

फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक भारत व पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. चलन आणि मालमत्ता यांच्या वाटणीचे किचकट काम देशमुखांच्या कारकिर्दीत झाले. १९३५ मध्ये भागधारकांची बँक म्हणून सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेचे १ जानेवारी १९४९ रोजी राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी बँकिंग कंपन्यांसाठी सर्वंकष कायदा लागू होऊन व्यापारी बँकांवर देखरेख ठेवण्याचे व्यापक अधिकार रिझर्व्ह बँकेला मिळाले. ३० जून १९४९ रोजी देशमुखांची गव्हर्नरपदाची मुदत संपली.

अर्थमंत्री

नियोजन आयोगाच्या अधिकारांवरून मतभेद होऊन जॉन मथाई यांनी अर्थमंत्रिपद सोडले. त्यांच्या जागी १९५० मध्ये देशमुख आले. ते नियोजन आयोगाचेही सदस्य होते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले. पहिल्या पंचवार्षिक योजनेची आर्थिक बाजू त्यांनी सांभाळली.

ग्रामीण भागात शेतकऱ्याला बँकेपेक्षा सावकारच जवळचा होता. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या शिफारशींनुसार इंपीरियल बँकेचे रूपांतर होऊन १ जुलै १९५५ रोजी भारतीय स्टेट बँक स्थापन झाली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन कायद्यानेच तिच्यावर घातले होते. १९ जानेवारी १९५६ च्या वटहुकुमाने आयुर्विम्याचा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला. २४५ देशी-विदेशी विमा कंपन्या व भविष्यनिर्वाह संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. तोपर्यंत देशमुख मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते.

राजीनामा

आयुर्विम्याच्या वटहुकुमापूर्वी तीनच दिवस, १६ जानेवारी १९५६ रोजी, मुंबई शहर केंद्रशासित करण्याचा निर्णय पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी जाहीर केला होता. त्यानंतर मुंबईत उसळलेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने अनेकांचे बळी घेतले. मुंबई महाराष्ट्राची राजधानी व्हावी, असे देशमुखांचे मत होते. नेहरूंच्या आग्रहावरून ते काही महिने थांबले. परंतु जूनमध्ये नेहरूंनी मुंबईत केंद्रशासनाच्या धोरणाचा पुनरुच्चार केला. अखेर जुलै १९५६ मध्ये देशमुखांनी मंत्रिपद सोडले.

लोकसभेतील निवेदनात त्यांनी दोन प्रमुख आक्षेप नोंदवले. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता घेतला गेला, हा पहिला. आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हा दुसरा. त्यामुळे भाषिक राज्याच्या वादाला मंत्रिमंडळाच्या सामूहिक जबाबदारीच्या प्रश्नाचीही जोड मिळाली. आयुष्यभर प्रशासनात राहिलेल्या आणि चळवळीचा नेता नसलेल्या मंत्र्याने पद सोडल्याने संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला दिल्लीत वजन आले. ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने मुंबईसह विशाल द्वैभाषिक राज्याचा पर्याय स्वीकारला; मुंबईसह महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले.

शिक्षणक्षेत्र व उत्तरायुष्य

१९५६ ते १९६१ या काळात देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे ते संस्थापक अध्यक्ष होत. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक त्यांनी स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्याने लढवली. तीत ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

त्यांचा पहिला विवाह रोझिना विल्कॉक्स यांच्याशी झाला होता. त्यांच्या निधनानंतर, १९५३ मध्ये, समाजकार्यकर्त्या आणि संविधान सभेच्या सदस्या दुर्गाबाई यांच्याशी त्यांनी विवाह केला.

लेखन व सन्मान

संस्कृतची आवड देशमुखांनी अखेरपर्यंत जोपासली. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत पद्यानुवाद केला आणि संस्कृतमध्ये काव्यरचनाही केली. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. शासकीय सेवेसाठी त्यांना १९५९ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तर १९७५ मध्ये भारत सरकारने पद्मविभूषण देऊन त्यांचा गौरव केला.