तळणीच्या आकाशातील दोन मिनिटे

धामणगाव सोडून गाडी पुलगावकडे निघाली की वाटेत तळणी हे लहानसे स्थानक लागते. यवतमाळकरांच्या परिचयाचीच ही वाट. परंतु सूर्याच्या अभ्यासाच्या इतिहासात या स्थानकाला जागा आहे, हे आपल्याकडील किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

दिनांक २२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या. त्या दुपारी खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणातून देशावर आणि तेथून वऱ्हाडावर सरकत आली. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. त्याचाही काही भाग या छायेखाली आला. वेध घेण्यासाठी ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची एक तुकडी तळणीस उतरली होती. तीत तिशीच्या उंबरठ्यावरील ॲनी मॉंडर ही विदुषी होती.

ॲनीचा जन्म १८६८ साली आयर्लंडमधील स्ट्राबेन येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयात राहून तिने गणिताची अवघड परीक्षा उत्तम रीतीने पार केली. पण स्त्रियांना पदवी द्यावयाची नाही, असा विद्यापीठाचा दंडक होता. १८९१ मध्ये ग्रिनिचच्या वेधशाळेत महिना अवघ्या चार पौंडांवर ती गणकाचे काम करू लागली. सूर्याची छायाचित्रे घ्यायची, त्यांवरील डागांची स्थाने मोजायची, हा तिचा रोजचा उद्योग. १८९५ मध्ये वेधशाळेतीलच वॉल्टर मॉंडर यांच्याशी विवाह झाला आणि विवाहित स्त्रीला नोकरी नाही या नियमाने ते कामही सुटले.

नोकरी सुटली, अभ्यास सुटला नाही. गर्टनच्या अनुदानातून तिने अवघ्या दीड इंच व्यासाच्या भिंगाचा एक कॅमेरा सिद्ध केला. तोच घेऊन ती तळणीस आली. चंद्राने सूर्यबिंब पूर्ण झाकले, ते जेमतेम दोन मिनिटे. तेवढ्या अवधीत तिच्या काचेवर सूर्याच्या प्रभामंडलातून निघालेला एक किरण उमटला. त्याची लांबी जवळजवळ एक कोटी किलोमीटर! इतका दूरवर गेलेला किरण तोपर्यंत कोणालाही टिपता आला नव्हता. आपल्याकडील कित्येक घरांची दारे त्या वेळी ग्रहणाच्या धास्तीने लागलेली असणार; आजही काही घरांत ती लागतात, हे खेदाने नमूद करावे लागते.

पुढे १९०४ मध्ये या दांपत्याने सौरडागांची स्थाने कालक्रमाने मांडून फुलपाखराच्या आकाराचा विख्यात आलेख सिद्ध केला. १८९२ मध्ये जिने तिला सदस्यत्व नाकारले, त्याच रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १९१६ मध्ये तिला सन्मानाने आत घेतले. मधली चोवीस वर्षे ती रुसून बसली नव्हती, ही गोष्ट आम्हांस त्या सन्मानाहून मोठी वाटते. १९४७ मध्ये तिचे निधन झाले.

ज्या प्रभामंडलासाठी तिने सात समुद्र ओलांडले, त्याचा वेध आता भारताचे आदित्य एल-१ हे यान घेत आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेले हे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. तेथे सूर्यबिंब झाकण्यासाठी चंद्राची वाट पाहावी लागत नाही. दुर्बिणीतील एक चकती ते काम करते. यानावरील एक दुर्बीण तर पुण्याच्या आयुका संस्थेत घडली.

आणि तरीही आपल्या जिल्ह्यातील हुशार मुलांपुढे वैद्यक आणि स्पर्धा परीक्षा यांपलीकडचा मार्ग क्वचितच ठेवला जातो. इस्रोचा नववीच्या विद्यार्थ्यांसाठीचा युविका उपक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. तिरुवनंतपुरमची अंतराळ विज्ञान संस्था २००७ पासून आहे. दारव्हा, घाटंजी, झरी येथील शाळांत ही माहिती फलकावर लागावी, मुलांना एकदा तळणीस नेऊन ती जागा दाखवावी, यास खर्च तो कितीसा? २० मार्च २०३४ रोजी खग्रास ग्रहणाची छाया लडाखला स्पर्श करील. आज शाळेत असलेली मुलगी तोवर स्वतःचे उपकरण घेऊन तेथे उभी राहण्याइतकी मोठी झालेली असेल.