जॉन स्नो आणि चाळीस नंबरचे फुटके गटार

पावसाळा आला की कळव्यातल्या जुन्या इमारतींत आणि पारसिक डोंगराच्या उतारावरच्या चाळींत एक वाद ठरलेला असतो. मागच्या गल्लीतला चेंबर तुंबतो, तळमजल्याच्या भिंतीला ओल धरते, नळाच्या पहिल्या पाण्याला वास येतो. खर्च कोणी करायचा यावर बैठक अडते. पाणी तर स्वच्छ दिसते, असे कोणीतरी म्हणते आणि विषय पुढे ढकलला जातो. घराखालचे फुटके गटार माणसे मारू शकते, हे ज्या डॉक्टरच्या कामातून जगाला कळले, त्या जॉन स्नो यांचे आयुष्य अशा वेळी आठवण्याजोगे आहे.

स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधील यॉर्क शहरात झाला. वडील कोळशाच्या वखारीत मजुरी करत. नऊ भावंडांत जॉन थोरले. घर नदीकाठच्या गरीब वस्तीत. चौदाव्या वर्षी ते न्यूकॅसलच्या एका शल्यचिकित्सकाकडे उमेदवारीला लागले. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ १८३१ साली इंग्लंडमध्ये पोहोचली, तेव्हा या कोवळ्या मुलाला खाणकामगारांच्या वस्तीवर पाठवण्यात आले. जमिनीखाली तासन्तास काम करणारे मजूर शौच तिथेच करत आणि त्याच हातांनी भाकरतुकडा खात. औषध कशाचेच लागू पडत नव्हते. त्या खाणीतले दृश्य स्नो विसरले नाहीत.

पुढे ते लंडनला आले, शिकले आणि १८४४ साली एम.डी. झाले. मद्याला शिवत नसत, बरीच वर्षे शाकाहारी राहिले, लग्न केले नाही. ईथर आणि क्लोरोफॉर्म ही भुलीची औषधे नुकतीच आली होती. स्नो यांनी त्यांची मात्रा मोजून देण्याची उपकरणे तयार केली आणि ते भूलशास्त्रातले नामांकित डॉक्टर झाले. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म देण्यासाठी त्यांनाच बोलावले गेले.

पैसा आणि प्रतिष्ठा मिळाली, पण डोक्यातून पटकी गेली नव्हती. त्या काळी बहुतेक डॉक्टर मानत की कुजक्या घाणीची दूषित हवा नाकात गेली की पटकी होते. स्नो यांचा प्रश्न साधा होता. रोग हवेतून येत असेल, तर आधी फुप्फुसे बिघडायला हवीत. इथे तर सुरुवातच जुलाब-उलट्यांनी होते. म्हणजे विष तोंडावाटे जाते आणि मैल्यावाटे बाहेर पडते. हे त्यांनी १८४९ साली छापले. फारसे कोणी ऐकले नाही.

३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री लंडनच्या सोहो भागातल्या ब्रॉड स्ट्रीटवर साथ भडकली. तीन दिवसांत त्या रस्त्याच्या आसपास १२७ माणसे गेली. साथ ओसरेपर्यंत हा आकडा सहाशेच्या वर गेला. स्नो जवळच राहत. ते दारोदार फिरले, मृतांची यादी मिळवली आणि प्रत्येक घरी पाणी कुठून आणता हे विचारले. बहुतेक घरांचे उत्तर एकच होते, ब्रॉड स्ट्रीटचा हातपंप. जवळच्या गरीबखान्यात (वर्कहाउसमध्ये) पाचशेहून अधिक माणसे होती, तिथे फक्त पाच मृत्यू झाले, कारण आवारात स्वतःची विहीर होती. शेजारच्या दारूभट्टीतले कामगार बिअर पीत, पंपावर जात नसत, ते वाचले. उलट कित्येक मैल दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा दगावली. तिला या पंपाचे पाणी आवडे म्हणून ते गाडीने मागवले जात असे.

७ सप्टेंबरला स्नो यांनी हे सारे स्थानिक मंडळापुढे मांडले आणि दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढण्यात आला. गोष्ट सहसा इथेच संपवतात. पण तोवर साथ उतरणीला लागली होती आणि स्नो यांनीही ते प्रामाणिकपणे नोंदवले. शिवाय एक प्रश्न राहिलाच होता. विहिरीत विष आले कुठून? नोव्हेंबरमध्ये विहीर उघडून तपासली, तर आतून बांधकामात भोक सापडले नाही.

याचे उत्तर स्नो यांच्या एका विरोधकाने शोधले. तिथले तरुण धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड यांना पंपाचा सिद्धांत पटला नव्हता. तो खोडून काढण्यासाठीच ते घरोघर फिरले, पण पुरावा उलट दिशेने जमत गेला. अखेर मृत्यूच्या नोंदी चाळताना त्यांना पंपासमोरच्या ४० नंबरच्या घरातली एक तान्ही मुलगी सापडली. ती साथ भडकण्याआधीच जुलाबाने आजारी पडली होती आणि २ सप्टेंबरला गेली. आईने तिची दुपटी धुऊन ते पाणी घरासमोरच्या मैल्याच्या खड्ड्यात ओतले होते.

एप्रिल १८५५ मध्ये तिथे खोदकाम झाले. या वेळी विहिरीत न डोकावता घराच्या बाजूने गटार उकरले. खड्ड्याची बांधणी सदोष होती. त्यामुळे मैला पुढे वाहून जाण्याऐवजी तुंबत होता. विटांचे सांधे सुटले होते, विटा हाताने उचलता येत होत्या. गटार आणि विहीर यांच्यात तीन फूटही अंतर नव्हते आणि मधली माती चिखलासारखी भिजलेली होती. आतून धड दिसणाऱ्या विहिरीत बाहेरून मैला झिरपत होता. व्हाइटहेड यांनी आणखी एक गोष्ट टिपली. त्या मुलीचे वडील ८ सप्टेंबरला, म्हणजे दांडा काढला त्याच दिवशी, पटकीने आजारी पडले. पंप चालू राहिला असता, तर साथ पुन्हा उसळली असती.

तरीही सरकारी आरोग्य मंडळाने स्नो यांचे म्हणणे स्वीकारले नाही. १६ जून १८५८ रोजी पक्षाघाताने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ४५ वर्षांचे होते. त्याच उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंट हैराण झाले आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याकडे लंडनच्या नव्या भूमिगत गटारांचे काम सोपवले गेले. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात ओळखून सांगितला तो १८८४ साली.

पटकी आता पूर्वीसारखी राहिली नाही, पण फुटके गटार तेच काम आजही करते. दिल्लीत १९५५-५६ साली सांडपाणी मिसळलेल्या पाण्याने सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. २०१२ साली इचलकरंजीतही दूषित पाण्याने काविळीची मोठी साथ आली. आपल्याकडे पाणी ठरावीक तासच येते. ते बंद झाले की नळवाहिनीत पोकळी तयार होते आणि वाहिनीला चीर असेल, तर शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून पहिल्या धारेचा वास आणि गढूळपणा ही तक्रार क्षुल्लक नसते.

उपायही स्नो-व्हाइटहेड यांच्याच वाटेचे आहेत. एकाच इमारतीत जुलाब, टायफॉइड वा काविळीचे दोन-तीन रुग्ण दिसले, तर त्यांचे मजले, नळ आणि टाक्या लिहून काढाव्यात व महापालिकेच्या आरोग्य केंद्राला कळवावे. तपासणी होईपर्यंत पाणी उकळून प्यावे. पाण्यातला क्लोरीन ओ.टी. चाचणीने लगेच कळतो. तो नसेल, तर पाण्यात काहीतरी मिसळत असण्याची शक्यता असते. शौचालयात रंगीत पाणी सोडून ते चेंबरमध्ये पोहोचते की भिंतीत वा टाकीत उतरते, हे पाहता येते. कॅमेरा आत सोडला, तर सुटलेला सांधा, खचलेला पाइप किंवा पिंपळाची मुळे दिसतात. तेवढाच भाग उकरून बदलता येतो. पिण्याच्या पाण्याची नळी गटारातून नेली असेल, तर ती आधी उचलून वेगळी करावी. जमिनीखालची टाकी चेंबरला लागून असेल, तर तिच्या भिंती बाहेरूनही तपासाव्यात. चेंबरमध्ये मात्र माणूस उतरवू नये. आतला वायू क्षणात जीव घेतो आणि तसे उतरवणे कायद्याने गुन्हा आहे.

ब्रॉड स्ट्रीटवरच्या लोकांना त्या पंपाचे पाणी आवडे, कारण ते आसपासच्या पाण्यापेक्षा स्वच्छ दिसे.