मोलोकाईचे संत डेमियन : समुद्रावरील पापनिवेदन

मोलोकाई बेटावरील कुष्ठरुग्णांचे सेवक संत डेमियन यांचा सण १० मे रोजी साजरा होतो. ही त्यांच्या मृत्यूची तिथी नव्हे. १८७३ साली याच दिवशी त्यांनी त्या बेटावर पाऊल ठेवले. त्यांच्या रुग्णसेवेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र व्रतस्थ म्हणून त्यांना आपल्या बंधू धर्मगुरूंचा सहवास किती दुर्मीळ झाला होता, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

योसेफ द व्ह्यूस्टर हे त्यांचे मूळ नाव. ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील ट्रेमेलो या गावी त्यांचा जन्म झाला. थोरल्या भावाच्या पाठोपाठ १८५९ मध्ये त्यांनी येशू व मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या संघात प्रवेश केला आणि डेमियन हे नाव धारण केले. हवाई बेटांवर जाण्यासाठी खरी निवड झाली होती ती त्या भावाची, फादर पाम्फील यांची. ते आजारी पडले आणि डेमियन यांनी त्यांच्या जागी जाण्याची अनुज्ञा मागून घेतली. १९ मार्च १८६४ रोजी, संत योसेफच्या सणादिवशी, ते होनोलुलूला पोहोचले. त्याच वर्षी २१ मे रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

पुढील नऊ वर्षे त्यांनी हवाई या सर्वांत मोठ्या बेटावर काढली. ज्वालामुखींच्या त्या मुलुखात त्यांचा धर्मग्राम अफाट पसरलेला होता. कधी पायी, कधी घोड्यावर, कधी होडीतून ते भाविकांपर्यंत पोहोचत. अशा एकाकी मिशनरींना दुसऱ्या धर्मगुरूची भेट म्हणजे केवळ गप्पागोष्टींचा आनंद नव्हता; पापनिवेदन करण्याची संधीही त्यातूनच मिळे.

मे १८७३ मध्ये माउई बेटावरील वायलुकू येथे नव्या चर्चच्या आशीर्वादासाठी असे अनेक मिशनरी समुद्रमार्गे एकत्र जमले. त्या वेळी बिशप मेग्रे यांनी मोलोकाईचा विषय काढला. १८६६ पासून सरकार कुष्ठरुग्णांना तेथे सक्तीने पाठवीत होते आणि त्यांना कायमचा धर्मगुरू नव्हता. कोणालाही आज्ञा करावी, असे बिशपना वाटेना. चौघे धर्मगुरू स्वेच्छेने पुढे आले. आळीपाळीने जावे, असे ठरले. पहिली पाळी डेमियन यांची. ती कधी संपलीच नाही!

बिशप स्वतः त्यांना बेटावर सोडून परतले. निवारा नसल्याने पहिल्या रात्री डेमियन चर्चजवळच्या केवड्याच्या जातीच्या झाडाखाली झोपले. पुढे सरकारने निर्बंध कडक केले. त्यांचे वरिष्ठ फादर मोदेस्त जहाजाने भेटीस आले, तेव्हा त्यांना उतरू दिले नाही आणि डेमियन यांना जहाजावर चढू दिले नाही. तेव्हा लहानशा होडीत उभे राहून, जहाजावरील वरिष्ठांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने डेमियन यांनी आपली पापे निवेदन केली आणि वरून पापक्षमा मिळाली. आपण पापनिवेदनाच्या जाळीआड कुजबुजतो, तेही संकोचत!

घरे, पाण्याची सोय, अनाथाश्रम, शवपेट्या, कबरी – सारे त्यांनी आपल्या हातांनी उभारले. काही वर्षे सहकारी धर्मगुरू लाभले, पण त्यांच्याशी त्यांचे नीट जमले नाही. डेमियन हट्टी आणि तापट होते, हे लपविण्याचे कारण नाही. १८८५ च्या सुमारास त्यांना स्वतःला कुष्ठरोग झाल्याचे निश्चित झाले आणि त्याच वर्षी अखेरचा सहकारीही निघून गेला. सुमारे तीन वर्षे ते सोबती धर्मगुरूवाचून राहिले.

१८८८ मध्ये मात्र फादर कॉनरार्डी, मदर मरियन कोप व त्यांच्या भगिनी, आणि त्यांच्याच संघाचे फादर वेंडेलिन आले. मार्च १८८९ च्या अखेरीस डेमियन यांनी फादर वेंडेलिन यांच्याजवळ संपूर्ण आयुष्याचे पापनिवेदन केले. त्यानंतर फादर वेंडेलिन यांनी त्या मरणोन्मुख धर्मगुरूजवळ आपले पापनिवेदन केले आणि दोघांनी मिळून संघाची व्रते पुन्हा उच्चारली.

१५ एप्रिल १८८९ रोजी, पवित्र सप्ताहातील सोमवारी, डेमियन यांनी देह ठेवला. त्याच झाडाजवळ त्यांना पुरण्यात आले. १९३६ मध्ये त्यांचे अवशेष बेल्जियमला नेण्यात आले. १९९५ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केल्यानंतर त्यांचा उजवा हात मोलोकाईच्या मूळ कबरीत परत आला. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संतपद बहाल केले.