शिक्षक अण्णासाहेब कर्वे

विद्यार्थिमित्रहो, वर्षाच्या अखेरीस शाळेंतील एखादे वृद्ध गुरुजी किंवा बाई सेवानिवृत्त होतात, तेव्हां आपण त्यांस शाल व श्रीफळ देतों, गौरवाचे चार शब्द बोलतों आणि घरोघर जातों. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या भागांतील खाजगी शाळांतून असे समारंभ होत असतात. परंतु खाजगी संस्थेंत अध्यापन करण्यांत आयुष्य वेंचणें म्हणजे काय, हा विचार त्या वेळीं क्वचितच मनांत येतो. महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रावरून तो उत्तम रीतीनें करतां येईल.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील शेरवली येथें झाला. त्यांचें बालपण मुरूड गांवीं गरिबींत गेलें. तेथील सोमण गुरुजींनीं त्यांस विद्येची व लोकसेवेची गोडी लावली. सतराव्या वर्षीं एका परीक्षेस बसण्यासाठीं ते सह्याद्रि ओलांडून पायीं साताऱ्यास गेले. परंतु शरीर लहानखुरें असल्यामुळें वय कमी दिसतें, या कारणावरून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. एवढी पायपीट व्यर्थ गेली, तरी त्यांनीं विद्येचा ध्यास सोडला नाहीं. मुंबईच्या रॉबर्ट मनी या मिशनरी शाळेंतून ते १८८१ सालीं मॅट्रिक झाले आणि १८८४ सालीं गणित विषय घेऊन बी. ए. झाले. पुढें शाळांतून व खाजगी शिकवण्यांतून गणित शिकवून ते मुंबईंत चरितार्थ चालवीत.

१८९१ सालीं त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षीं गोपाळ कृष्ण गोखले यांनीं त्यांस फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविण्यास बोलाविलें. आपल्या अंबरनाथ-बदलापुरावरून घाटाकडे जाणारा लोहमार्ग जेथें पोहोंचतो, तें पुणें शहर यापुढें त्यांचें कार्यक्षेत्र झालें.

हें कॉलेज डेक्कन एज्युकेशन सोसायटीचें. या खाजगी संस्थेचे आजीव सभासद अल्प वेतनावर वीस वर्षें सेवा करण्याचें वचन देत. संस्थेपाशीं मोठा द्रव्यसंचय नव्हता. शिक्षकांचें हें वचन हेंच तिचें खरें भांडवल होतें. १८९२ सालीं कर्वे आजीव सभासद झाले.

लवकरच त्यांच्या धैर्याची कसोटी लागली. ११ मार्च १८९३ रोजीं त्यांनीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला. याच पुढें आनंदीबाई अथवा बाया कर्वे या नांवानें ओळखल्या गेल्या. मुरूडकरांनीं या दांपत्यास वाळींत टाकलें. ज्या गांवावर त्यांचें निरतिशय प्रेम, तेथेंच त्यांस आपल्या माणसांत मिसळण्याची बंदी झाली. आईच्या मनास किती यातना झाल्या असतील, याची कल्पनाच करावी! तथापि कर्व्यांनीं कोणाचा द्वेष केला नाहीं, कीं आपलें अध्यापनही सोडलें नाहीं.

१८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम स्थापिला. १९०० सालीं तो पुण्याबाहेर हिंगणें येथें एका झोंपडींत नेण्यांत आला. दिवसा कॉलेजांत गणित शिकवावें आणि सायंकाळीं चिखल तुडवीत, प्रसंगीं सामानाचें ओझें वाहून, आश्रमांतील मुलींस शिकविण्यास जावें, असा त्यांचा क्रम कित्येक दिवस चालला होता. आश्रमासाठीं वर्गणी मागतांना त्यांस अपमानही सोसावे लागले. पण त्यांनीं संस्थेस दिलेलें वचन मोडलें नाहीं.

वीस वर्षांची मुदत पुरी झाल्यावर, १९१४ सालीं, कर्वे फर्ग्युसन कॉलेजांतून निवृत्त झाले. त्यांचें वय तेव्हां छपन्न वर्षांचें होतें. इतक्या श्रमांनंतर त्यांनीं विश्रांति घेतली असती, तर त्यांस कोण दोष देता? परंतु दोनच वर्षांनीं, १९१६ सालीं, त्यांनीं स्त्रियांसाठीं विद्यापीठ स्थापिलें. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचें नांव विद्यापीठास मिळालें. १९३६ सालीं, अठ्ठयाहत्तराव्या वर्षीं, अण्णासाहेबांनीं खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं मंडळ काढलें व त्यास आपल्या अल्प निवृत्तिवेतनांतूनही साहाय्य केलें. १९५८ सालीं त्यांस भारतरत्न हा बहुमान मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं, वयाच्या एकशें पांचव्या वर्षीं, त्यांचें निधन झालें.

प्रत्येक शिक्षकाच्या हातून विद्यापीठ स्थापन होत नाहीं, आणि तशी अपेक्षाही कोणी करूं नये. परंतु अधिक वेतनाची वाट दिसत असतांही जे एकाच शाळेंत टिकून राहतात, तेही अण्णासाहेबांप्रमाणें वचन पाळीत असतात. मात्र तें कोणत्याही कागदावर लिहिलेलें नसतें. म्हणून, मित्रहो, निरोपाचा हार सुकल्यावरही आपल्या गुरुजींच्या व बाईंच्या घरीं जात जा, त्यांची विचारपूस करीत जा, आणि पालकांनींही मुलांस ही संवय लावावी. मुरूडच्या सोमण गुरुजींचें नांव आज आपणांस ठाऊक आहे, तें त्यांच्या शिष्यानें कृतज्ञतेनें जपलें म्हणूनच!