हबशापासून खडकीपर्यंत : मलिक अंबर यांचे जीवन

माणसाचे वतन कोणते? जिथे त्याची नाळ पुरली ते, की जिथे त्याचा घाम मुरला ते? पोटासाठी, शिक्षणासाठी किंवा जिवाच्या रक्षणासाठी ज्यांना आपले गाव सोडावे लागते, त्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. इस्लामच्या इतिहासाला तो नवा नाही. मक्केत श्रद्धावंतांचा छळ असह्य झाला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या काही साथीदारांना समुद्रापलीकडच्या हबशा देशात जाण्याची अनुमती दिली. इ.स. ६१५च्या सुमाराची ही पहिली हिजरत. हबशाचा ख्रिस्ती राजा नजाशी याने त्या निराधारांना आसरा दिला आणि त्यांना परत नेण्यासाठी मक्केहून आलेल्या दूतांना रिकाम्या हाती पाठवले. पुढे त्याच्या निधनाची वार्ता आली, तेव्हा प्रेषितांनी मदीनेत त्याच्यासाठी जनाजाची नमाज अदा केली. इस्लामचे पहिले मुअज्जिन ह. बिलाल (र.) यांचे मूळही याच हबशातले.

या घटनेनंतर सुमारे साडेनऊशे वर्षांनी त्याच हबशातला एक मुलगा आपल्या दख्खनमध्ये आला. परक्यांना आसरा देणाऱ्या भूमीचे ते लेकरू. त्याला मात्र कोणी पाहुणा म्हणून बोलावले नव्हते. तो विकत घेऊन आणला गेला होता. आज ज्या शहराच्या आसपास आपण राहतो, त्या शहराचा पाया याच मुलाने घातला. इतिहास त्यांना मलिक अंबर म्हणून ओळखतो.

बाजारात विकले गेलेले बालपण

मलिक अंबर यांचा जन्म १५४८च्या सुमारास हबशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्यांचे मूळ नाव चापू असे सांगितले जाते. लहान वयातच ते गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडले. तांबड्या समुद्राच्या काठावरील मोखा हे येमेनचे बंदर, तेथून बगदाद, असा त्यांचा प्रवास झाला. एका मालकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना घर, भाषा आणि नावही सुटले.

बगदादमध्ये मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्यांना विकत घेतले. मुलाची बुद्धी त्याच्या ध्यानात आली आणि त्याने त्यांना शिकवले. येथेच त्यांनी इस्लामचा स्वीकार केला आणि त्यांना अंबर हे नाव मिळाले. माणूस बाजारात वस्तूसारखा मांडला जातो, ही त्या काळाची क्रूर रीत होती. इस्लामने गुलामाला मुक्त करणे हे मोठे पुण्यकर्म ठरवले आणि जकातीच्या आठ खर्चबाबींत गुलामांच्या मुक्ततेचा समावेश केला. तरीही मुसलमान म्हणवणाऱ्यांच्या राज्यांत हा व्यापार शतकानुशतके चालू राहिला, हे सत्य झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

१५७०च्या दशकाच्या आरंभी अंबर यांना दख्खनमध्ये आणले गेले. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्यांना विकत घेतले. हा चंगेजखान स्वतःही हबशी होता आणि कधीकाळी गुलाम होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते. एक गुलाम राज्याचा पेशवा होऊ शकतो, हे तरुण अंबर यांनी रोज डोळ्यांनी पाहिले. फौजेची व्यवस्था, दरबाराचे डावपेच आणि कारभाराची शिस्त ते याच घरात शिकले.

मुक्ती आणि दीडशे स्वार

१५७४-७५च्या सुमारास चंगेजखानाचा मृत्यू झाला आणि त्याच्या विधवेने अंबर यांना मुक्त केले. मुक्ती मिळाली, पण पाठीशी घराणे नव्हते, जहागीर नव्हती. परतीची वाटही उरली नव्हती. त्यांनी बीबी करीमा यांच्याशी विवाह केला, संसार थाटला आणि तलवारीच्या बळावर चाकरी शोधू लागले. काही काळ ते विजापूरच्या आदिलशाहीत होते. मलिक ही पदवी त्यांना तेथेच मिळाली. १५९५च्या सुमारास ते अहमदनगरला परतले, तेव्हा त्यांच्या हाताखाली अवघे दीडशे स्वार होते.

तो काळ निजामशाहीच्या सत्त्वपरीक्षेचा होता. मोगल फौजा दख्खनमध्ये उतरल्या होत्या. चांदबीबीने अहमदनगरचा किल्ला काही काळ निकराने लढवला. पण १६००मध्ये तो पडला. राजधानी गेली, सुलतान कैद झाला, अनेक सरदार मोगलांना जाऊन मिळाले. ज्यांची या मातीत पिढ्यान्‌पिढ्यांची वतने होती, त्यांतील पुष्कळांनी नवा धनी पत्करला. मलिक अंबर मात्र मागे हटले नाहीत. त्यांनी राजघराण्यातील एका तरुणाला दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले, त्याला आपली मुलगी दिली आणि बुडालेले राज्य पुन्हा उभे केले. पुढे राजधानी जुन्नरला आणि तेथून दौलताबादला आली. १६१०मध्ये त्यांनी अहमदनगरचा किल्लाही परत जिंकला.

परका कोण, आपला कोण?

त्या काळच्या दख्खनी दरबारांत दोन गट होते. इराण, इराक, मध्य आशियातून आलेल्या उमरावांना आफाकी म्हणत आणि येथेच रुजलेल्यांना दख्खनी. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की आफ्रिकेतून आलेले हबशी बहुधा दख्खन्यांच्या बाजूला गणले जात. जन्म समुद्रापलीकडचा, तरी ते येथले ठरले. याचे कारण उघड आहे. आफाकी उमरावांचे नाते आपल्या मायदेशाशी टिकून होते आणि त्या नात्याचा त्यांना अभिमान होता. हबशांच्या मागचे दार बंद झाले होते. त्यांनी जे काही उभारले ते येथे, आणि जे गमावले तेही येथेच.

मलिक अंबर यांच्या सैन्यातही हेच दिसते. १६१०च्या सुमारास या भागातून गेलेल्या एका इंग्रज व्यापाऱ्याने त्यांच्या फौजेत सुमारे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असल्याचे नोंदवले आहे. या दख्खन्यांत मराठा स्वारांचा मोठा भरणा होता. मोगलांशी समोरासमोर झुंजण्याइतके बळ नव्हते. म्हणून त्यांनी डोंगरदऱ्यांचा आधार घेतला, शत्रूची रसद तोडली, अवचित छापे घातले आणि दिसेनासे झाले. ही युद्धपद्धती त्यांनी मराठ्यांच्या साथीने विकसित केली. शहाजीराजे भोसले यांच्या तरुणपणाची लष्करी घडण याच काळात झाली. १६२४मध्ये अहमदनगरजवळच्या भातवडी येथे मोगल आणि विजापूरच्या संयुक्त फौजा चालून आल्या. मलिक अंबर यांनी तेथील तलावाचे पाणी सोडून शत्रूची छावणी चिखलात अडकवली आणि मोठा विजय मिळवला. या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम गाजवला आणि त्यांचे बंधू शरीफजी यांनी प्राण दिले. पुढे कवींद्र परमानंदांनी शिवभारत या संस्कृत काव्यात मलिक अंबर यांचा आदराने उल्लेख केला.

खडकीचे पाणी

१६१०च्या सुमारास मलिक अंबर यांनी दौलताबादजवळच्या खडकी या लहान गावाच्या जागी नवे शहर वसवले. आजचे छत्रपती संभाजीनगर ते हेच. येथे त्यांनी मशिदी बांधल्या, मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ भडकल दरवाजा उभारला, नौखंडा महाल बांधला. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा यांसारख्या वस्त्यांना मराठा सरदारांची नावे मिळाल्याचे सांगितले जाते. हद्रमौतहून आलेल्या अरब सय्यदांना आणि विद्वानांनाही त्यांच्या पदरी आश्रय मिळाला. बाजारात विकल्या गेलेल्या माणसाने इतरांच्या वसाहतीसाठी शहर रचावे, ही अल्लाहची किमया.

हे शहर सुखासुखी उभे राहिले नाही. १६१६मध्ये जालन्याजवळ रोशनगाव येथे मलिक अंबर यांचा पराभव झाला आणि मोगल फौजेने खडकीत शिरून ती उद्ध्वस्त केली. त्यांनी शहर पुन्हा उभारले. १६२१मध्ये ते पुन्हा लुटले गेले, पुन्हा उभे राहिले.

याच काळात नहर-ए-अंबरी तयार झाली. खडकीचे नाव सांगते तशी ही भूमी खडकाळ आणि पाण्याला पारखी. मलिक अंबर यांनी शहराच्या उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी भूगर्भात झिरपणारे पाणी हेरले. जमिनीखाली दगडी बांधकामाचा बंदिस्त मार्ग केला, त्याला असा उतार दिला की पाणी आपल्याच भाराने शहरापर्यंत यावे. साफसफाईसाठी आणि हवा खेळती राहण्यासाठी जागोजागी विहिरीसारखी तोंडे ठेवली. ना मोट, ना बैल. पाणी रात्रंदिवस वाहत राहिले. पुढे अनेक शतके शहराने या नहरीचे पाणी प्यायले आणि तिचे अवशेष आजही आहेत. मदीनेत ह. उस्मान (र.) यांनी रूमा नावाची विहीर विकत घेऊन लोकांसाठी खुली केली होती. माणूस गेल्यावरही ज्याचे पुण्य वाहत राहते, त्या सदका-ए-जारियाचे पाण्याइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

जमीन महसुलातही त्यांनी असाच विचार केला. सरकारी वसुली मक्त्याने देण्याची पद्धत त्यांनी मोडली, कारण मक्तेदार रयतेला पिळून काढी. जमिनीचा कस आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरवला आणि काही हंगामांच्या अनुभवानंतर तो रोख रकमेत बदलला. गावकामगारांचे हक्क त्यांनी सांभाळले. मलिक अंबरचा धारा हे नाव पुढे दीर्घकाळ महाराष्ट्राच्या महसुलाच्या भाषेत टिकून राहिले.

न संपलेली अवहेलना आणि एक डाग

इतके करूनही त्यांचे गुलामीचे मूळ लोक विसरले नाहीत. मोगल बादशहा जहांगीरला रणात त्यांना कायमचे नमवता आले नाही. तेव्हा त्याने मलिक अंबर यांच्या छिन्न मस्तकावर आपण बाण सोडत असल्याचे चित्र दरबारी चित्रकाराकडून काढून घेतले आणि आत्मचरित्रात त्यांच्या वर्णाचा हीन शब्दांत उल्लेख केला. घरातही हे शल्य पोहोचले. तत्कालीन डच वृत्तांतानुसार, सुलतानाच्या इराणी राणीने मलिक अंबर यांच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले. त्यानंतर, १६१०मध्ये, सुलतान आणि ती राणी यांना विष देण्यात आले आणि त्यामागे मलिक अंबर होते, असे हाच वृत्तांत सांगतो.

थोर माणसाच्या चरित्रातला हा डाग धुण्याचा प्रयत्न करू नये. वर्णावरून आणि जन्मावरून माणसाला हिणवणे हा अज्ञानकाळातील अहंकार आहे आणि हज्जतुल विदाच्या प्रवचनात प्रेषितांनी तो पायदळी तुडवला. परंतु अपमान झाला म्हणून रक्त सांडण्याची मुभा इस्लाम देत नाही. अन्याय सोसलेल्याचेही हिशेब अल्लाहच्या दरबारी होणार आहेत. मलिक अंबर यांनी आपल्या अपमानाला दिलेले खरे उत्तर विषाच्या प्याल्यात सापडत नाही. ते नहरीच्या पाण्यात आहे.

खुलताबादची माती

१६२६मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, मलिक अंबर यांचे निधन झाले. शत्रूच्या दरबारातील इतिहासकार मुतमदखान यानेही त्यांच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची थोरवी मान्य केली. हबशी गुलामाने इतकी उंची गाठल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही, असा त्याचा आशय होता. त्यांच्या मागे मुलगा फतेहखान याला ते बळ राखता आले नाही. १६३३मध्ये दौलताबाद मोगलांकडे गेले आणि १६३६मध्ये निजामशाही संपली. राज्य गेले, शहर राहिले, पाणी राहिले, धारा राहिला.

खुलताबादला, सूफी संतांच्या सहवासात, मलिक अंबर यांची कबर आहे आणि जवळच बीबी करीमा यांची. ज्या मोगलांशी ते आयुष्यभर झुंजले, त्यांच्या वंशातील औरंगजेबही त्याच गावात चिरनिद्रा घेत आहे. मातीने दोघांनाही जागा दिली.

आपल्यासाठी

अहमदनगर आणि खडकी या मलिक अंबर यांच्या आयुष्यातील दोन शहरांना जोडणाऱ्या आजच्या रस्त्यावर वाळूज आहे. येथील औद्योगिक वसाहतीत चार दशकांपासून माणसे येत आहेत. मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांतून, विदर्भातून, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून. रांजणगाव, पंढरपूर, बजाजनगरच्या भाड्याच्या खोल्यांत अनेक भाषा बोलल्या जातात. त्यांतील कित्येक मुस्लिम कुटुंबे वीस-वीस वर्षे राहूनही आपल्याला पाहुणीच समजतात. गावाकडे घर बांधतात आणि येथल्या गल्लीतल्या गटाराकडे, शाळेकडे, पाण्याच्या रांगेकडे आपले नव्हे म्हणून पाहतात. मुलांच्या तोंडी मराठी आलेली असते, मनाने मात्र कुटुंब अजून वाटेतच असते.

मलिक अंबर यांचे जीवन अशा कुटुंबांना एक गोष्ट सांगते. आपलेपणा कोणी दान म्हणून देत नाही आणि मूळ विसरल्यानेही तो मिळत नाही. ते अखेरपर्यंत हबशीच राहिले आणि तरीही दख्खनी झाले. कारण या भूमीला जे हवे होते, पाणी, संरक्षण आणि न्याय, ते त्यांनी तिला दिले. जे आधीपासून येथे स्थिरावले आहेत, त्यांच्यावरही जबाबदारी आहे. मदीनेच्या अन्सारांनी मुहाजिरांना भाऊ मानून घरात, शेतात वाटा दिला. नव्याने आलेल्या शेजाऱ्याला बाहेरचा म्हणणे हे अन्सारांच्या वारसांना शोभत नाही.

प्रेषितांना मक्का अत्यंत प्रिय होती. तरी मक्का जिंकल्यानंतर ते तेथे राहिले नाहीत. ज्यांनी आसरा दिला त्या मदीनेला परतले आणि तेथेच त्यांनी अखेरचा श्वास घेतला. अल्लाहची सारी भूमी विशाल आहे. ज्या गावाचे पाणी आपण पितो, त्या गावाचे ऋण फेडण्याची सद्बुद्धी अल्लाह आपल्या सर्वांना देवो. आमीन.