वऱ्हाडचे नबाब : दादासाहेब खापर्डे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मी शेताच्या वाटणीच्या वेळी घरातच ऐकली. त्यामुळे कोर्टाच्या पायऱ्या चढून मोठ्या झालेल्या एका वऱ्हाडी माणसाविषयी मला पहिल्यापासून कुतूहल होते.

गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचा जन्म १८५४ चा. संस्कृत व इंग्रजी वाङ्मयाचा त्यांचा व्यासंग दांडगा होता. १८८४ मध्ये ते एल्एल्.बी. झाले आणि मुन्सफ व असिस्टंट कमिशनर म्हणून सरकारी नोकरीत शिरले. त्या वेळी आपले वाशीमही वऱ्हाडातील एका जिल्ह्याचे ठाणे होते, आणि साऱ्या वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटाच्या हाती होता. १८९० साली खापर्ड्यांनी ही नोकरी सोडली. घराण्यातला पहिला पदवीधर होऊ पाहणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचताना धस्स होते. न्यायाधीशाची खुर्ची कोणी आपण होऊन सोडतो का? माझ्या घरी असे कोणी केले असते तर चार दिवस चूल पेटली नसती!

अमरावतीस त्यांनी वकिली मांडली आणि ती अशी चालली की लोक त्यांना वऱ्हाडचे नबाब म्हणू लागले. १८९७ ची राष्ट्रीय सभा अमरावतीस भरली, तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते. त्या वेळी त्यांचे स्नेही लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. १९०८ मध्ये टिळकांना पुन्हा सहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा हा नबाब भरल्या वकिलीकडे पाठ फिरवून प्रिव्ही कौन्सिलात दाद मागण्यासाठी विलायतेस गेला आणि १९१० पर्यंत तिथेच राहिला. दाद मिळाली नाही. पण अशिलासाठी दोन वर्षे घरदार सोडणारा वकील मला दुसरा ठाऊक नाही.

पुढे १९११-१२ मध्ये ते काही महिने शिर्डीस राहिले. सभा गाजवणारा हा वक्ता साईबाबांपुढे मात्र मुका बसे, असे साईचरित्रात आहे.

१९१९ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी रौलट बिलांना विरोध केला. पण १९२० मध्ये गांधीजींनी कोर्टांवर व कौन्सिलांवर बहिष्कार पुकारला, तो त्यांना पटला नाही. ते कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये गेले, आणि लोकांची लाट त्यांना मागे टाकून पुढे निघून गेली. आमच्या वर्गात यावरून त्यांना नावे ठेवणारे बरेच निघतील. मला वाटते, ज्याने जन्मभर कायद्यानेच भांडण केले, त्याच्याकडून दुसरे काय व्हायचे?

१ जुलै १९३८ रोजी ते निवर्तले. वर्षानुवर्षे लिहिलेल्या त्यांच्या रोजनिश्या आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.