जळत्या जहाजातून वाचलेले बालक : जॉन मॅक्‌ग्रेगर

दि. १ मार्च १८२५. इंग्लंडहून बंगाल व चीनकडे निघालेले 'केंट' नावाचे मोठे जहाज बिस्केच्या उपसागरात वादळात सापडले होते. तळघरातील मद्याचे एक पिंप निसटून फुटले, हातातील कंदील त्यावर पडला आणि क्षणार्धात आग पसरली. जहाजावर हिंदुस्थानकडे निघालेली ३१ वी पलटण, सैनिकांच्या स्त्रिया, मुले व खलाशी मिळून सहाशेहून अधिक जीव होते. त्यांतच मेजर डंकन मॅक्‌ग्रेगर, त्यांची पत्नी एलिझाबेथ आणि अवघ्या पाच आठवड्यांचा त्यांचा पुत्र जॉन हे होते.

मृत्यू समोर दिसत असताना मेजरांनी कागदाच्या तुकड्यावर आपल्या पित्यास चार ओळी लिहिल्या, कुटुंबाचे आत्मे तारणाऱ्याच्या हाती सोपविले आणि तो कागद बाटलीत बंद करून ठेवला. इतक्यात 'केंब्रिया' नावाचे एक लहानसे जहाज दृष्टीस पडले. खवळलेल्या समुद्रात होड्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि पहिल्याच होडीतून ते तान्हे बालक आपल्या आईसह सुखरूप बाहेर पडले. सुमारे ऐंशी माणसे दगावली. साडेपाचशेच्या आसपास वाचली. ती बाटली सुमारे दीड वर्षाने अटलांटिक महासागराच्या दुसऱ्या तीरावर, बार्बाडोस बेटाच्या किनाऱ्यास लागली. तोवर पत्र लिहिणारे घरी सुखरूप होते.

ही हकीकत मॅक्‌ग्रेगर कुटुंबाचा जणू वारसाच ठरली. आपले आयुष्य हे आपल्याला परत मिळालेले दान आहे, ही जाणीव जॉनला बालपणापासून होती. दान मिळालेले आयुष्य कोणासाठी वेचावे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच त्याचे चरित्र होय.

वडिलांच्या नोकरीतील बदल्यांमुळे त्याचे शिक्षण अनेक शाळांत झाले. पुढे डब्लिन व केंब्रिज येथील ट्रिनिटी महाविद्यालयांत शिकून, गणितात प्रावीण्य मिळवून त्याने १८४७ साली पदवी संपादन केली. १८५१ मध्ये ते बॅरिस्टर झाले. वकिलीत नाव व पैसा मिळविणे त्यांना अवघड नव्हते. परंतु त्यांची पावले वळली ती लंडनच्या गलिच्छ गल्ल्यांकडे. लॉर्ड शाफ्ट्‌सबरी यांच्या पुढाकाराने फाटक्या वस्त्रांतील मुलांसाठी ज्या शाळा चालत, त्यांच्या कार्यास त्यांनी वाहून घेतले. १८५१ साली लंडनमध्ये भव्य जागतिक प्रदर्शन भरले. त्या वेळी रस्त्यावरील मुलांना गणवेश देऊन बूटपॉलिशच्या कामास लावण्याची योजना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमलात आणली. ठराविक मजुरी मुलाला मिळे. उरलेल्या कमाईचा एक भाग त्याला रोख, एक संस्थेस आणि एक त्याच्या नावे बचतीस जाई. भीक न घालता स्वाभिमान देणारी ही दया होती. १८५३ साली त्यांनी उघड्यावर सुवार्ता सांगणाऱ्यांसाठी 'ओपन एअर मिशन' स्थापन केले. ते आजही कार्यरत आहे.

अशा कार्यमग्न मनुष्यास पाण्याची ओढ मात्र स्वस्थ बसू देईना. १८६५ मध्ये त्यांनी ओक लाकडाची, १५ फूट लांबीची, सुमारे ८० पौंड वजनाची एक कॅनो बांधून घेतली. आपल्या कुळातील प्रसिद्ध वीराच्या नावावरून तिचे नाव 'रॉब रॉय' ठेवले. एक वल्हे, छोटेसे शीड आणि अगदी मोजके सामान एवढ्यावर ते एकटेच ऱ्हाइन, डॅन्यूब, मोझेल, सीन या नद्यांतून फिरून आले. त्या प्रवासाच्या पुस्तकाने सबंध इंग्लंडला नौकाविहाराचा छंद लावला. १८६६ साली त्यांनी स्थापलेला कॅनो क्लब आज रॉयल कॅनो क्लब म्हणून ओळखला जातो. १८६७ साली २१ फुटी शिडाच्या होडीतून ते एकटे पॅरिसच्या प्रदर्शनास गेले व इंग्लिश खाडी ओलांडून एकटेच परतले.

ते धंदेवाईक दर्यावर्दी नव्हते, हौशी होते. परंतु त्यांची हौस त्यांच्या विश्वासापासून वेगळी नव्हती. होडीत पवित्र शास्त्राच्या प्रती व पत्रिका असत. भेटेल त्या खलाशास ते त्या देत. प्रभुवारी मात्र वल्हे खाली ठेवून ते विसावा घेत व उपासनेस जात.

१८६८-६९ च्या हिवाळ्यात ते पूर्वेकडे गेले. अद्याप खुला न झालेला सुएझ कालवा पाहून, नामानाने अभिमानाने उल्लेखिलेल्या दिमिष्काच्या नद्यांतून आपली कॅनो नेत ते यार्देनेच्या उगमाकडे वळले. हूला सरोवराच्या दलदलीत तेथील अरबांनी त्यांना होडीसकट पकडून शेखाच्या तंबूत नेले. तेथे त्यांनी शेखापुढे शुभ्र पूड ठेवली. साखर समजून शेखाने ती चाखली, तर ते मीठ निघाले! एकत्र मीठ खाल्ले म्हणजे पाहुण्यास अपाय करता येत नाही, ही त्या लोकांची रीत ते जाणून होते. शेवटी घासाघीस होऊन त्यांची सुटका झाली. तेथून ते गालील समुद्रावर गेले आणि ज्या पाण्यावर प्रभूने वादळ शांत केले, त्या पाण्यावर त्यांनी आपले वल्हे चालविले. हूला सरोवर १९५० च्या दशकात जवळजवळ सर्व आटविण्यात आले. त्यामुळे त्यांनी केलेले त्याचे वर्णन व नकाशे आज अधिकच मोलाचे ठरतात.

पुस्तके व व्याख्याने यांतून लाभलेला पैसा त्यांनी धर्मादाय कार्यास दिला. १८७० मध्ये लंडनच्या पहिल्या शालेय मंडळावर ते निवडून आले. १८७३ साली, वयाच्या ४८ व्या वर्षी, अॅडमिरल सर क्रॉफर्ड कॅफिन यांची कन्या अॅनी हिच्याशी त्यांचा विवाह झाला व पुढे त्यांना दोन कन्या झाल्या. त्यांना कीर्ती देणारे एकाकी जलप्रवास हे सर्व त्यापूर्वीचे. ज्याने वर्षानुवर्षे एकट्याने सुकाणू धरले, त्याने उत्तरायुष्यात घराचे बंदर आपलेसे केले. पुढे प्रकृती खालावली, तेव्हा हे कुटुंब बोर्नमथजवळील बॉस्कम येथे समुद्रकाठी राहावयास गेले. तेथेच दि. १६ जुलै १८९२ रोजी ते प्रभूमध्ये विसावले.

आपल्या मंडळ्यांतून पुष्कळदा असा समज आढळतो की, भक्तिमान मनुष्याने आनंदाचे सर्व छंद टाकावेत. उलट काहीजण छंदातच इतके गुंततात की प्रभू, घर व शेजारी यांचा त्यांना विसर पडतो. मॅक्‌ग्रेगर यांनी यांतले काहीच केले नाही. त्यांनी आपला आनंद प्रभूपुढे मोकळेपणाने ठेवला आणि त्यातून मिळालेले फळ गरिबांच्या ओंजळीत घातले. ज्या समुद्राने त्यांना गिळावयास तोंड उघडले होते, त्याच समुद्रावर त्यांनी आयुष्यभर प्रेम केले. कारण आपल्याला त्यातून काढणारा हात कोणाचा, हे ते कधी विसरले नाहीत.